पाळी थांबली, नळी दुखतेय आणि भरती दोन महिन्यांवर

«ताई, नमस्कार. मी १९ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अकॅडमीच्या होस्टेलवर राहून पोलीस भरतीची तयारी करते. पहिल्यांदा ग्राउंडला आले तेव्हा ८०० मीटरला ३ मिनिटं ४० सेकंद लागायचे. दिवाळीपर्यंत २.५८ वर आले. सर म्हणाले, अजून चार-पाच किलो कमी कर, मग पूर्ण वीस मार्क पडतील. तेव्हापासून रात्रीचा भात बंद केला, एकच भाकरी खाते. पहाटे साडेचारला आणि परत संध्याकाळी डांबरी रोडने पळते, दिवसाला चौदा किलोमीटर तरी होतात. रविवारीही जाते, कारण एक दिवस चुकला तरी जीव लागत नाही, केलेलं सगळं वाया गेलं असं वाटतं. वजन ५२ होतं ते ४५ झालं. पण टायमिंग सुधारायच्या ऐवजी ३.१० वर गेलंय. पाच महिने झाले, पाळी आलेली नाही. रूममधल्या मुली म्हणतात, ग्राउंड करणाऱ्यांची जातेच, उलट बरं झालं, कटकट गेली. एकीची तर माझ्याआधीच गेलीय. डाव्या पायाची नळी महिनाभर दुखतेय. आधी पळून अंग गरम झालं की थांबायची, आता जिना उतरतानाही दुखते. मेडिकलमधून गोळी आणून घेते आणि पळते. सर म्हणतात, दुखणं अंगावर काढल्याशिवाय वर्दी मिळत नाही. वडिलांनी उसनवारी करून फी भरलीय. भरती दोन महिन्यांवर आलीय. मी थांबू का? आणि आईला सांगू का?»

हो, थांब. उद्या पहाटे ग्राउंडला जाऊ नकोस, आणि आईला आजच फोन कर. ही दोन्ही उत्तरं तुझ्या मनात होतीच, म्हणून तर तू लिहिलंस. आता का थांबायचं, किती थांबायचं आणि थांबलीस म्हणून वर्दी हातची जाते का, हे नीट सांगते. नुसतं «डॉक्टरांना दाखव» एवढंच लिहिलं, तर परवा तू पुन्हा बूट घालशील.

आधी पाय. भरतीच्या कुठल्याही ग्राउंडवर गेलं तर नळी दुखणारी दोन-चार पोरं सापडतातच. बहुतेकांना नळीच्या आतल्या कडेने वीतभर पट्ट्यात दुखतं. पळायला लागलं की दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, पळणं कमी केलं की काही आठवड्यांत बसतं. तुझंही सुरुवातीला तसंच होतं. पण आता ते जिन्यावर दुखतंय, म्हणजे साध्या चालण्यालाही हाड कुरकुरतंय. पलंगावर बस, पाय सैल सोड, आणि नळीच्या आतल्या कडेवरून अंगठ्याने घोट्याकडून गुडघ्याकडे बोटबोटभर दाबत जा. सगळीकडे थोडं थोडं दुखलं तर ते बहुधा स्नायूंचं आणि हाडावरच्या आवरणाचं दुखणं. पण एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दाबल्यावर कळ मस्तकात गेली, किंवा रात्री पडल्या पडल्या तिथे ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेली असण्याची शक्यता आहे. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. आणि नळीच्या पुढच्या धारेवर, जिथे हाड कातडीखाली लगेच हाताला लागतं, तिथे दुखत असेल तर अजून घाई कर, कारण त्या जागेची चीर लवकर भरत नाही. खात्री करायला म्हणून एका पायावर उड्या मात्र मारून बघू नकोस.

डॉक्टरांकडे गेलीस की ते एक्स-रे काढायला सांगतील. पहिले दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, ही चीर एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. «फोटो काढला, काही नाही, पळ» असं ऐकून पुन्हा रोडवर जाणारी मुलं पुढे हाड पूर्ण मोडून घेतात. तेव्हा एक्स-रे चांगला आला तरी एवढं सांग की महिन्यापासून दुखतंय, चालताना दुखतंय आणि पाळी बंद आहे. या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या की जाणता अस्थिरोगतज्ज्ञ एमआरआयचा विचार करतो. एमआरआयमध्ये हे लवकर कळतं.

मेडिकलमधली ती गोळी आजच बंद कर. तिने चीर भरत नाही, फक्त दुखणं कळेनासं होतं, आणि दुखणं कळलं नाही की पाय थांबत नाही. शिवाय घामाने पाणी गेलेल्या अंगात, धड जेवण नसताना या गोळ्या रोज घेतल्या तर पोटाला जखमा होतात आणि किडनीवर भार पडतो. ग्राउंडवर कुणी इंजेक्शन देतो म्हणालं तर त्याच्या सावलीलाही उभी राहू नकोस.

आता पाळी. रूममधल्या मुली जे म्हणतात ते मी फार ठिकाणी ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. ज्या मुलीची पाळी नियमित होती, तिची सलग तीन महिने आली नाही तर तपासणी करायची असते, मग ती ग्राउंड करत असो वा नसो. पाच महिने म्हणजे आपण आधीच उशीर केलाय. पाळी थांबणं हे तब्येत कसलेली असल्याचं लक्षण नाही. शरीराकडे आता पुरेसं उरत नाही, असं ते सांगतंय. घरात पैसा कमी यायला लागला की आपण काय करतो? चूल पेटती ठेवतो आणि बाकीचं थांबवतो. घराची डागडुजी थांबते, सणाचे कपडे थांबतात. शरीरही तसंच वागतं. हृदय, मेंदू, श्वास चालू ठेवायचे म्हणून ते आधी पाळी थांबवतं, हाडांची दुरुस्ती मागे टाकतं, रक्त कमी बनवतं.

तुझा हिशेब मांडून दाखवते. पळताना दर किलोमीटरला साधारण आपल्या वजनाच्या किलोइतक्या कॅलरी जातात. तुझं वजन ४५, रोज चौदा किलोमीटर, म्हणजे सव्वासहाशेच्या आसपास कॅलरी नुसत्या रोडवर गेल्या. तुझं खाणं तू पूर्ण लिहिलेलं नाहीस. पण सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दीड-दोन भाकरी, भाजी, डाळ, मध्ये एखादं केळं आणि रात्री एक भाकरी असं धरलं, तर ते तेराशे-चौदाशेच्या पुढे जात नाही. पळण्याचे वजा केले तर उरतात सात-साडेसातशे. तेवढ्यात उरलेल्या चोवीस तासांचं हृदय, फुप्फुसं, डोकं, हाडं, रक्त आणि पाळी सगळं भागवायचं. नाही भागत.

हे फक्त तर्काने सांगत नाही. अमेरिकेत ओहायो विद्यापीठातल्या अ‍ॅन लाउक्स यांनी पाळी नियमित असलेल्या तरुण मुलींवर हेच तपासलं आणि २००३ साली ते प्रसिद्ध केलं. व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून शरीराचं जे वजन राहतं त्याच्या दर किलोला ३० कॅलरींपेक्षा कमी उरलं, की पाळी चालवणाऱ्या संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) ठेका बिघडायला लागतो, असं त्यांना दिसलं. आणि एवढं व्हायला किती दिवस लागले? पाच. तुझं चरबी सोडून वजन ३७ किलोच्या आसपास धरलं तर तुझ्याकडे किलोला जेमतेम २० उरतात, आणि हे महिनोन् महिने चाललंय.

याचा नळीशी थेट संबंध आहे, म्हणूनच मी दोन्ही एका पत्रात धरतेय. आपण पळतो तेव्हा हाडाला रोज डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे जातात. ते जायलाच हवेत, त्यानेच हाड मजबूत होतं. शरीर तो खराब भाग आधी खरडून काढतं, त्याला काही आठवडे लागतात, आणि मग तिथे नवं हाड भरतं, त्याला काही महिने लागतात. खरडून झालंय आणि भरायचं बाकी आहे अशा मधल्या काळात हाड उलट नाजूक असतं. त्याच दिवसांत तू रविवारसुद्धा न सोडता डांबरावर आपटत राहिलीस. त्यात पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन कमी, आणि हे संप्रेरकच हाड जास्त खरडलं जाऊ नये म्हणून राखण करतं. आयुष्यभराच्या हाडाचा बहुतेक साठा विशीच्या आसपास भरून होतो. तू नेमकी त्याच वयात आहेस. आत्ता जे भरायचं राहील ते पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे, भरतीची त्याच्या नंतर.

मेरी केन नावाची अमेरिकेची धावपटू आहे. २०१३ साली, वयाच्या १७व्या वर्षी, तिने मॉस्कोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धाव घेतली. तिच्याइतकं गुणी पोर त्या देशाने क्वचित पाहिलं असेल. तिलाही सांगितलं गेलं की वजन अजून कमी कर, अजून कमी कर. २०१९ साली तिने जाहीरपणे सांगितलं की तीन वर्षं तिची पाळी बंद होती आणि पाच हाडं मोडली. तिच्याकडे जगातल्या मोठ्या सोयी होत्या. तुझ्याकडे डांबरी रोड आणि मेसची भाकरी आहे. शरीराचा नियम दोघींना एकच लागला.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या सगळ्याला रेड-एस, म्हणजे खेळाडूच्या शरीराला पडणारी ऊर्जेची तूट, असं नाव दिलं, आणि त्यात मुलगेही येतात हे स्पष्ट लिहिलं. मुलांमध्ये पाळीसारखी दिसणारी खूण नसते, म्हणून कळायला उशीर होतो. सतत थकवा, सारखं सर्दी-ताप, चिडचिड, झोप न लागणं, मेहनत वाढवूनही टायमिंग मागे जाणं या त्यांच्या खुणा. तुझं २.५८ वरून ३.१० झालंय, ते याच कारणाने. तू आळशी झालीस म्हणून नाही.

आता वर्दीचं बोलू. मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. मुलींना ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. यात वजनाला एक तरी गुण आहे का? नाही. उलट चार किलोचा गोळा लांब टाकायला आणि शंभर मीटर फोडायला अंगात ताकद लागते, आणि सात किलो कमी करताना त्यातली बरीच ताकद तू घालवलीस. ८०० मीटरचे पूर्ण गुण २ मिनिटं ५० सेकंदांना आहेत. म्हणजे तीन मिनिटांच्या आत संपणारी ही धाव. तिच्यासाठी रोज चौदा किलोमीटर एकाच संथ चालीने तुडवून काय साधतं, हे मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही. त्या धावेला वेग लागतो, आणि तो टिकवायचा दम लागतो. आठवड्यातून दोनदा नीट वेगाचा सराव, मधल्या दिवशी हलकं पळणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, एवढ्यावर मुली २.५० च्या आत येतात. तू स्वतः २.५८ वर आली होतीस ना? तेव्हा तू दोन वेळा पळत नव्हतीस आणि भात खात होतीस.

दोन महिन्यांत जमेल का? खोटी आशा लावत नाही. चीर गेली असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं पूर्ण बंद, आणि त्यानंतरही एकदम ८०० मीटर वेगात नाही. म्हणजे या वेळची तारीख बहुधा हातून जाईल. चीर नसेल, नुसता आवरणाचा दाह असेल, तर डॉक्टर लवकर मोकळं करतील आणि तू कदाचित उतरशीलही. पण चीर असताना त्या दिवशी गोळी खाऊन पळालीस, तर शेवटच्या राउंडला हाड पूर्ण मोडू शकतं, मग प्लेट, रॉड, आणि वर्षभराचा खोळंबा. तू १९ची आहेस. पोलीस शिपायाची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गालाही २८पर्यंत आहे, मागास प्रवर्गाला त्याहून जास्त. ही एकच भरती म्हणजे सगळं, असं ग्राउंडवर वाटतं, कारण तिथे सगळे तेच बोलत असतात.

थांबलेले आठवडे रिकामे जाणार नाहीत. लेखी परीक्षा १०० गुणांची आहे, म्हणजे ग्राउंडच्या दुप्पट, आणि दमलेलं डोकं संध्याकाळच्या रनिंगनंतर गणित आणि बुद्धिमत्तेला किती बसतं ते तुला माहीत आहे. पहाटे उठायची सवय मोडू नकोस, फक्त बूट घालण्याऐवजी अंकगणित घेऊन बस. मराठी व्याकरण आणि चालू घडामोडी दुपारी. डॉक्टर हो म्हणाले तर बसून करायचे खांद्याचे, पाठीचे, पोटाचे व्यायाम चालतील.

खाण्याचं सांगते. महागड्या डब्यातली पावडर मी सांगणार नाही. सकाळी उठल्यावर नुसत्या चहावर राहू नकोस, दोन खजूर किंवा गुळाच्या खड्यासोबत मूठभर शेंगदाणे खा. नाष्ट्याला पोहे-उपमा असेल तर सोबत दोन अंडी, नाहीतर वाटीभर मोड आलेली मटकी. दुपारी पोटभर, भात परत सुरू. रात्री दोन भाकरी, डाळ घट्ट, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. दूध दोन पेले, एका पेल्यात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, आणि तुला दिवसाला हजार लागतं. नाचणीची भाकरी किंवा आंबील, तीळ, दही यांनी बाकीचं भरतं. मेसच्या मावशींना सांगून बघ, तुझ्यासारख्या दहा जणी मिळून सांगितलं तर त्या नाही म्हणणार नाहीत. चहा जेवणासोबत घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. वजन चार-पाच किलो वाढेल. वाढायलाच हवं. पहिल्या महिन्यात पोट फुगल्यासारखं वाटतं, काटा पुढे सरकलेला पाहून जीव घाबरतो. काट्यावर रोज उभी राहू नकोस.

आता ते «जीव लागत नाही» म्हणतेस ना, ते मी सोडून देणार नाही. व्यायाम चुकला की अपराधी वाटणं, दुखत असूनही न थांबता येणं, खाल्लं की ते पळून फेडायचा विचार येणं, हे जिद्दीच्या नावाखाली लपतं, पण ते मनाचं दुखणं होऊ शकतं, आणि त्यावर उपाय असतो. थांबल्यावर पहिले आठ-दहा दिवस फार अस्वस्थ जातील. तेव्हा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी नंबरवर बोल. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

सरांना कसं सांगायचं, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तुझी खरी भीती तीच आहे असं मला वाटतं. सरांशी वाद घालू नकोस. डॉक्टरांची चिठ्ठी हातात आल्यावर जा आणि सांग: «सर, पायाच्या हाडाला ताण आलाय, डॉक्टरांनी पळणं बंद सांगितलंय. मी लेखीचे क्लास पूर्ण करते, बरं झाल्यावर पुन्हा ग्राउंडला उभी राहते.» पाळीचं सांगायचं की नाही हे तुझ्या मनावर, ते त्यांना सांगायलाच हवं असं काही नाही. ते चिडले, सगळ्यांसमोर बोलले, तर ऐकून घे आणि रूमवर ये. पोरांवर जीव असलेला प्रशिक्षक चिठ्ठी वाचून थांबतो. न थांबणाऱ्याच्या हाती तुझा पाय द्यायचा नाही.

आणि सरांसारखी माणसं हे सदर वाचत असतील तर त्यांनाही सांगते. २०१४च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना आपली तरणीताठी मुलं गेली, तेव्हा कुठे सरकारने अंतर कमी केलं. २०२४मध्ये झारखंडच्या शिपाई भरतीत १० किलोमीटरच्या धावेत दहाहून जास्त उमेदवार गेले. ही मुलं कमकुवत नव्हती, घरच्यांच्या आशेने पळत होती. उन्हात पळताना कुणी बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, तर तो नाटक करत नाही. त्याला सावलीत घ्या, भरपूर गार पाणी अंगावर ओता, १०८ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत गार करणं थांबवू नका. आणि शिक्षा म्हणून पाचशे उठाबशा काढायला लावू नका. एकदम झेपेनाशा कष्टाने स्नायू फाटतात, लघवी काळ्या चहासारखी होते आणि किडनी बंद पडू शकते. अशी लघवी दिसली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना.

आईला काय सांगायचं? जे मला लिहिलंस तेच. तुला वाटतंय की तिला उसन्या पैशांचा घोर लागेल. लागेलही. पण तिला फीपेक्षा तुझ्या पाळीचं जास्त कळतं, आणि पाच महिने ऐकून ती एसटी पकडून येईल. वडिलांना कसं सांगायचं ते तिच्यावर सोड.

तपासणीला आईसोबतच जा. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी «मैत्री» क्लिनिक असतं, तिथून सुरुवात केलीस तरी चालेल. ते पुढे स्त्रीरोग आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवतील. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आधी गरोदरपणाची तपासणी सांगतील. वाईट वाटून घेऊ नकोस, पाळी थांबलेल्या प्रत्येकीची ती करतात. मग थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांची रक्ततपासणी, कदाचित सोनोग्राफी, कारण दुसरं काही कारण नाही ना हे बघावं लागतं. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासून घे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांचं रक्त कमी निघालं होतं. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर छाती भरून येते आणि टायमिंग पडतं, मग कितीही पळा.

कुणी नुसत्या पाळी आणायच्या गोळ्या लिहून दिल्या तर विचार: «डॉक्टर, माझं खाणं कमी आणि पळणं जास्त आहे, त्यामुळे तर नाही ना झालं?» त्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो आणि सगळं ठीक झालं असं वाटतं, पण खाण्याची तूट तशीच राहते आणि हाडाला फायदा होत नाही. खाणं वाढवल्यावर आपली आपण पाळी यायला काही महिने लागू शकतात. धीर धर.

पळायला परवानगी मिळाली की पहिल्या दिवशी पळायचं नाही. आधी अर्धा तास चालून दुखत नाही ना ते बघायचं. मग एक मिनिट हलकं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं मातीच्या मैदानावर, एक दिवसाआड. नळीने नाव घेतलं की त्या दिवशी तिथेच थांबायचं आणि दोन दिवस मागे यायचं. घासलेले बूट बदल, वडिलांना तेवढंच माग.

आणि रूममधली ती दुसरी मुलगी, जिची पाळी तुझ्याआधी गेलीय, तिलाही सोबत घेऊन जा. जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाक, कुठली गोळी किती दिवस घेतली ते डॉक्टरांना दाखवायचंय.